अगस्तीचा तारा आणि दह्याचे डबे

आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांत गॅलरीच्या कोपऱ्यात रिकाम्या कुंड्यांची उतरंड पाहायला मिळते. त्या कुंड्यांची कहाणी बहुधा एकच असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये बहरीनची हवा प्रसन्न असते. बागप्रदर्शनाचे दिवस असतात, बुदैया रस्त्यावरच्या रोपवाटिका फुलांनी भरलेल्या असतात. हौसेने चार रोपे घरी येतात. एप्रिलपर्यंत ती बरी दिसतात, मेमध्ये फुले गळू लागतात, जूनमध्ये पाने करपतात आणि जुलैत शाळेला सुट्टी लागली की घरची मंडळी मुंबईच्या विमानात बसतात. परत येऊन पाहावे तो कुंडीत नुसत्या काड्या! मग निष्कर्ष निघतो, "या वाळवंटात काही उगवत नाही. आणि आपल्याला तरी इथं किती दिवस राहायचंय?"

यातल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्याच्या त्याच्या नोकरीच्या करारावर अवलंबून आहे. पहिले विधान मात्र खरे नाही. बहरीनमध्ये टोमॅटो, वांगी, मिरच्या, कोबी, पालेभाज्या उत्तम येतात. हिवाळ्यात बुदैयाच्या बागेत शनिवारी भरणाऱ्या शेतकऱ्यांच्या बाजारात एक चक्कर मारली तरी याची खात्री पटेल. जागा वाईट नाही, आपला महिना चुकतो.

गेली वीसेक वर्षे मी गुदैबियातल्या फ्लॅटच्या गॅलरीत भाज्या लावते आहे. त्या अनुभवावरून एक गोष्ट मनाशी पक्की झाली आहे. या बेटाचा लागवडीचा हंगाम आपण सुट्टीहून परततो तेव्हा सुरू होतो आणि आपण पुन्हा सुट्टीला निघायच्या आत संपतो. परदेशात नोकरी करणाऱ्या कुटुंबाच्या वर्षाशी इतका जुळणारा हंगाम शोधूनही सापडायचा नाही. फक्त त्याची सुरुवात घराच्या आत, एखाद्या टेबलावर करावी लागते आणि त्यासाठी लागणारी भांडी आपण रोज कचऱ्यात टाकत असतो. ही सुरुवात कशी करायची, आणि तशीच का करायची, ते या लेखात सांगायचे आहे.

दोन देश, एक तारा

आपले हात मुळात पावसाच्या पंचांगावर वाढलेले. मृग नक्षत्र लागले, पहिला पाऊस झाला की पेरायचे, हे शहरात जन्मलेल्या माणसालाही ठाऊक असते. इथे मृगाला काही अर्थ नाही. बहरीनमध्ये वर्षभरात सरासरी ७० ते ८० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही बहुतेक नोव्हेंबर ते एप्रिल या काळात. मुंबईला जुलैतल्या एखाद्या दिवशी एवढा पाऊस सहज होऊन जातो. आपण इंग्रजी बागकामाची पुस्तके उघडतो, तर त्यात लिहिलेले असते की फेब्रुवारी-मार्चमध्ये घरात बी पेरा आणि थंडी सरली की रोपे बाहेर लावा. तेही इथे लागू पडत नाही. मार्चमध्ये पेरलेला टोमॅटो मेमध्ये फुलावर येतो. दिवसाचा पारा ३५ अंशांच्या वर गेला आणि रात्रीही उकाडा राहिला की टोमॅटोचे परागकण निकामी होऊ लागतात. फुले येतात आणि गळून जातात, फळ धरत नाही.

मग इथले पंचांग कोणते? आखाती देशांतले जुने खलाशी, मोती काढणारे आणि शेतकरी 'सुहेल' ताऱ्याच्या उदयापासून वर्ष मोजत. ऑगस्टच्या अखेरीस, परंपरेने साधारण २४ तारखेच्या सुमारास, हा तारा पहाटे दक्षिणेकडे क्षितिजालगत दिसू लागतो असे मानतात. तिथून दहा-दहा दिवसांचे गट पाडून ऋतू मोजायची पद्धत आहे. सुहेल दिसला म्हणजे उन्हाळा संपला असे नव्हे, पण त्याची पाठ फिरली. माझ्या कार्यालयातले एक ज्येष्ठ बहरिनी सहकारी दर वर्षी ऑगस्टअखेर न चुकता सांगत, "आता सुहेल आला, महिन्याभरात रात्री बसण्याजोग्या होतील." आणि तसेच व्हायचे.

हा सुहेल म्हणजे आपला अगस्ती. आकाशात व्याधाच्या खालोखाल तेजस्वी असलेला तारा. बहरीनहून तो क्षितिजाच्या वर जेमतेम ११ अंश चढतो, मुंबईहून सुमारे १८. आपल्याकडेही अगस्तीच्या उदयाला मान आहे. पावसाळ्यात गढूळ झालेले पाणी अगस्ती उगवल्यावर निवळते, असे संस्कृत कवींनी पूर्वीपासून मानले आहे. तिकडे पावसाळा सरल्याची आणि इकडे उन्हाळा उतरल्याची खूण एकाच ताऱ्याने द्यावी, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. शिवाय अगस्ती ऋषींचा जन्म घड्यातला, म्हणून त्यांना कुंभयोनी म्हणतात. डब्यात रोपे जन्माला घालण्याचा मुहूर्त सांगायला याहून योग्य तारा कोणता असणार!

सणांवर हिशेब ठेवला तर काय बिघडते, असे कुणी विचारील. गणपतीत पेरावे आणि दसऱ्याच्या पुढेमागे लावावे, हे लक्षात ठेवायला सोपे खरे. पण आपले सण तिथीवर चालतात आणि अधिक महिना आला की सरकतात. गणेशचतुर्थी २०२३ साली १९ सप्टेंबरला होती, तर २०२५ साली २७ ऑगस्टला. रोपाच्या दृष्टीने तीन आठवडे म्हणजे अर्धे बालपण झाले. तारा मात्र आपली तारीख सोडत नाही.

घरातच का?

बहरीनचे तापमान डोळ्यांसमोर ठेवले की या प्रश्नाचे उत्तर मिळते. सप्टेंबरात दुपारचा पारा सरासरी ३६-३७ अंशांवर असतो, ऑक्टोबरात ३३च्या आसपास येतो, नोव्हेंबरात २७-२८ आणि जानेवारीत जेमतेम २०. टोमॅटो, वांगी, मिरची यांचे बी २५ ते ३० अंशांत उत्तम रुजते. मेथी-कोथिंबीर, पालक, सॅलड यांना त्याहून गारवा हवा. सॅलडचे बी तर तिशीच्या आसपास झोपीच जाते, कितीही पाणी घाला, उठत नाही.

आता समजा आपण बाहेर पेरण्याजोगी हवा होईपर्यंत, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत थांबलो. तर रोप तयार व्हायला नोव्हेंबरअखेर उजाडते, थंडीत वाढ मंदावते आणि फळ धरायला फेब्रुवारी लागतो. मे महिन्यात सगळे आटोपते, म्हणजे हाती जेमतेम दोन-तीन महिने. उलट सप्टेंबरच्या सुरुवातीला वातानुकूलित खोलीत पेरले, तर ऑक्टोबरच्या मध्याला वीतभर रोप बाहेर जायला तयार असते. नोव्हेंबरात फुले, डिसेंबर-जानेवारीत फळे आणि एप्रिलपर्यंत तोडणी. घरातल्या त्या ३५-४० दिवसांनी हंगाम जवळजवळ दुप्पट होतो. युरोपात लोक रोपे घरात वाढवतात ती बाहेरच्या थंडीपासून वाचवण्यासाठी, आपण बाहेरच्या उन्हापासून. युक्ती तीच, फक्त महिने उलटे.

ही कल्पना आपल्याला परकीही नाही. कोकणात भाताचा तरवा आधी एका छोट्या जागेत दाट वाढवतात आणि मग खाचरात लावतात. एवढ्याशा तुकड्याची निगा राखणे सोपे, म्हणून ही पद्धत. घटस्थापनेला तर आपण प्रत्येक जण रोपवाटिका चालवतो. परडीत नाहीतर पत्रावळीवर माती पसरायची, त्यात गहू किंवा ज्वारी पेरायची, मधोमध मातीचा घट ठेवायचा. घट पाझरतो, माती ओलसर राहते आणि नऊ दिवसांत हातभर नसले तरी बोटभर अंकुर उभे राहतात. ते पिवळट का असतात, तर देवघरात उजेड कमी म्हणून. बी रुजायला ओल आणि ऊब पुरते, पण रुजल्यावर पहिल्या दिवसापासून प्रकाश लागतो, हा धडा त्या परडीतच आहे.

कोणता डबा कशाला

आपल्या आजी-आईने डालडाच्या डब्यात तुळस लावली, फुटक्या बादलीत अळू लावला. टाकाऊ वस्तूत झाड लावणे ही आपली जुनी सवय. इथल्या घरात ज्या वस्तू रोज रिकाम्या होतात त्यांचे गुणदोष आता पाहू.

दह्याचा आणि लबनेचा पाव-अर्ध्या किलोचा डबा सर्वांत उपयोगी. तो पांढरा असतो, त्यामुळे ऊन परावर्तित होऊन मुळे तापत नाहीत. काळ्या प्लास्टिकची कुंडी उन्हात हात लावू देत नाही, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. पातळ डब्यातून उजेड आत शिरून मातीवर हिरवे शेवाळ धरते, तेव्हा बाहेरून वर्तमानपत्राचा कागद गुंडाळावा.

अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे दिसायला आकर्षक आणि मुलांचा लाडका. पण त्याच्या एका खळग्यात दोन मोठे चमचे माती मावते आणि पुठ्ठा पाणी शोषून घेतो. वातानुकूलित हवेत तो काही तासांत कोरडा पडतो. बी रुजेपर्यंत तो वापरावा, दोन पाने दिसताच रोप दह्याच्या डब्यात हलवावे.

वर्तमानपत्राचा द्रोण काकडी, दुधी, भोपळा यांच्यासाठी. या वेलांना मुळे दुखावलेली अजिबात खपत नाहीत. बाटलीभोवती कागदाची दुहेरी पट्टी गुंडाळून तळ दुमडला की द्रोण तयार. लावणीच्या वेळी तो द्रोणासकटच मातीत ठेवायचा, कागद कुजून जातो. मात्र कागदाची कड मातीच्या वर राहू देऊ नये, ती वातीसारखी ओल खेचून हवेत उडवते.

दीड लिटरची पाण्याची बाटली मधोमध कापावी. वरचा अर्धा भाग उलटा करून खालच्या भागात बसवावा आणि तोंडातून सुती कापडाची जाड वात खाली सोडावी. खाली पाणी, वर माती, वातीतून ओल चढत राहते. दोन-तीन दिवस घराबाहेर जायचे असेल तर हा डबा रोपाला सांभाळतो.

फळांच्या किंवा मासळीच्या दुकानातली थर्माकोलची पेटी मिळाली तर सोडू नये. ऑक्टोबरात रोपे बाहेर काढल्यावर सगळे डबे या पेटीत एकत्र ठेवले, की बाहेरची उष्णता मुळांपर्यंत पोहोचत नाही. पत्र्याचे तेलाचे डबे मात्र इथल्या उन्हात टाळावेत. भारतातल्या चाळीच्या सावलीत जे चालले ते इथल्या पश्चिमेच्या गॅलरीत चालत नाही. औषधे, रंग किंवा फरशी पुसण्याची रसायने ज्यात होती असे डबेही कधीच वापरू नयेत.

डबा कोणताही असो, दोन कामे चुकवू नयेत. पहिले, तळाला चार-पाच भोके. दाभण तापवून ती सहज पडतात, मात्र खिडकी उघडी ठेवून आणि मुलांना दूर ठेवून हे काम करावे. दुसरे, सफाई. डबा साबणाने धुवावा, मग एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा मिश्रणात दहा मिनिटे बुडवून स्वच्छ धुऊन वाळवावा. दुधातुपाचा अंश राहिला तर बुरशी येते.

माती नव्हे, काथ्याचा भुसा

बहरीनची जमीन चुनखडीची, वाळूची आणि खारवट. कंपाउंडातली माती उचलून डब्यात भरली तर ती विटेसारखी घट्ट बसते. किनाऱ्यावरची वाळू तर चुकूनही वापरू नये, तिच्यात मीठ असते. यावर सोपा उपाय कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्यातून निघणाऱ्या भुशाचा. त्याच्या दाबलेल्या विटा इथल्या रोपवाटिकांत मिळतात. ६५० ग्रॅमची वीट पाण्यात फुगून आठ-नऊ लिटर होते, म्हणजे पंचवीस-तीस डबे सहज भरतात.

नारळ किनाऱ्यावरचा, तेव्हा त्याच्या भुशातही क्षार असू शकतात. म्हणून फुगलेला भुसा जुन्या फडक्यातून दोनदा गोड्या पाण्यात धुऊन पिळून घ्यावा. दोन भाग कोकोपीट, एक भाग परलाइट किंवा धुतलेली जाड वाळू आणि अर्धा भाग गांडूळखत हे मिश्रण मला मानवले आहे. मूठभर घेऊन पिळले असता एक-दोन थेंबच पडावेत, एवढीच ओल ठेवावी.

कोकणात आणि मावळात तरवा पेरण्याआधी राब भाजतात. पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून जमीन जाळली की तण आणि रोगजंतू मरतात आणि राखेतून खतही मिळते. आपल्याला फ्लॅटमध्ये राब भाजता येत नाही, म्हणून नवा भुसा आणि धुतलेला डबा यांवर एवढा भर द्यायचा. कोवळे रोप जमिनीलगत बारीक होऊन एका रात्रीत आडवे होते, तो बुरशीचा रोग. तो एकदा आला की औषध नाही, तो येऊ न देणे हाच उपाय. स्वच्छता, विरळ पेरणी, बेताचे पाणी आणि पंख्याचा हलका वारा, एवढी पथ्ये पाळावीत.

पाण्याचा प्रश्न

बहरीन या नावाचा अर्थ दोन समुद्र. एक खारा आणि दुसरा जमिनीखालचा गोडा, असा त्याचा एक अर्थ लोक सांगतात. या बेटावर आणि बेटाभोवतीच्या समुद्रतळातही गोड्या पाण्याचे झरे होते. मोती काढणारे पाणबुडे समुद्रात बुडी मारून चामडी पखालीत गोडे पाणी भरून आणत. अधारीचा झरा त्यात सर्वांत प्रसिद्ध. अधारी दूरच्यांना पाजते आणि जवळच्यांना कोरडे ठेवते, अशा अर्थाची म्हण इथे आजही ऐकू येते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भूजलाचा उपसा वाढत गेला, खारे पाणी आत शिरले आणि झरे आटले. आज नळाला येते ते मुख्यतः समुद्राचे किंवा खारवट भूजलाचे क्षार काढलेले पाणी. ते तयार करायला इंधन जळते. हे लक्षात ठेवले म्हणजे डब्यात रोपे वाढवण्यातली काटकसर ध्यानात येते. वाफ्यात बी फेकून सहा आठवडे शिंपण करण्याऐवजी तीस रोपांना दिवसाकाठी दोन-तीन पेले पुरतात.

त्यातही एक फुकटचा झरा आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे. सप्टेंबरात हवा दमट असते आणि एसी अखंड चालतो. त्याच्या नळीतून ठिबकणारे पाणी म्हणजे हवेतल्या बाष्पाचे झालेले पाणी, जवळजवळ क्षारविरहित. आमच्या दिवाणखान्यातल्या एका यंत्राखाली सप्टेंबरातल्या दमट दिवशी मोठी बादली भरते. रोपांना हे पाणी फार मानवते. ते पिऊ नये, कारण यंत्रातली धूळ आणि जंतू त्यात असतात. बादलीवर फडके बांधावे, नाहीतर डास होतात. आणि त्यात खनिजे नसल्यामुळे दोन खरी पाने फुटल्यावर आठवड्यातून एकदा पातळ खताचे पाणी द्यावे.

नळाचेच पाणी वापरायचे असेल तर एक खबरदारी घ्यावी. गच्चीवरच्या टाकीतून सप्टेंबरात दुपारी येणारे पाणी चहाला आधण ठेवावे इतके गरम असते. ते रात्री भरून ठेवून सकाळी घालावे. डबे थाळीत ठेवून थाळीत पाणी ओतावे, अर्ध्या तासाने उरलेले काढून टाकावे. वरून धार सोडली की बी एका कोपऱ्यात गोळा होते. डब्याच्या कडेला पांढरी पुटी दिसू लागली तर ते साठलेले क्षार समजावेत. अशा वेळी एकदा भरपूर पाणी वरून घालून तळातून वाहू द्यावे.

दहा-दहा दिवसांचा हिशेब

आता सुहेलपासून मोजू या. २४ ऑगस्टपासूनचे पहिले दहा दिवस तयारीचे. डबे धुवावेत, कोकोपीट भिजवावे, बियाणे तपासावे. जुन्या पाकिटातले दहा दाणे ओल्या कागदात गुंडाळून डबीत ठेवावेत. सात-आठ रुजले तर बी चांगले, तीनच रुजले तर नवे पाकीट आणावे.

बियाण्याविषयी थोडे. भारतातून येताना रोपे आणि माती आणण्याच्या भानगडीत पडू नये. वनस्पतींच्या आयातीला रोगमुक्तीची कागदपत्रे लागतात. इथल्या रोपवाटिकांत आणि सुपरमार्केटांत पाकिटे मिळतात, आणि मेथी, मोहरी, धने तर आपल्या फडताळातच आहेत. धने लाटण्याने हलके रगडून दोन डाळी कराव्यात, म्हणजे दोन्ही रुजतात. कोथिंबीर, मेथी, मुळा, गाजर यांची रोपे मात्र करू नयेत. ती थेट मोठ्या कुंडीत, ऑक्टोबरअखेर पेरावीत.

दुसरा गट ३ ते १२ सप्टेंबरचा. टोमॅटो, वांगी, मिरची पेरावी. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल, टोमॅटो साधारण अर्धा सेंटिमीटर. एका डब्यात तीन दाणे. वर प्लास्टिकचे झाकण हलके ठेवावे, कारण एसीची हवा पृष्ठभाग पटकन सुकवते. अंकुर दिसला की झाकण काढावे. टोमॅटो पाच ते आठ दिवसांत वर येतो, वांगे आठवडा-दहा दिवस घेते, मिरची दोन आठवडेही लावते. धीर धरावा, माती उकरून पाहू नये.

तिसरा आणि चौथा गट २ ऑक्टोबरपर्यंतचा. पूर्वेची खिडकी असेल तर सकाळचे ऊन पुरते. पश्चिमेच्या काचेतून येणारे दुपारचे ऊन कोवळी पाने भाजून काढते. खिडकी नसेल तर साधी पांढरी एलईडी ट्यूब रोपांपासून वीतभर उंचीवर रोज १४ ते १६ तास लावावी. रोप लांबुडके आणि फिकट झाले तर उजेड कमी पडतो आहे असे समजावे. डब्यातले सर्वांत दणकट रोप ठेवून बाकीची कात्रीने कापावीत. उपटली तर शेजारच्याची मुळे हलतात. कोबी, फ्लॉवर, नवलकोल या गारव्याच्या भाज्यांची पेरणी चौथ्या गटात, म्हणजे २३ सप्टेंबरनंतर करावी.

पाचवा गट ३ ते १२ ऑक्टोबरचा. हे दिवस रोपांना काटक करण्याचे, आणि सर्वांत नाजूक. चोवीस अंशांच्या खोलीत वाढलेले रोप एकदम बाहेरच्या उन्हात ठेवले तर दोन तासांत मान टाकते. पहिल्या दिवशी सूर्योदयानंतर एक तास, दुसऱ्या दिवशी दोन, असे वाढवत न्यावे. पहिले चार-पाच दिवस सावलीत, पुढे सकाळच्या उन्हात. शमालचा वारा सुटला असेल त्या दिवशी रोपे आतच ठेवावीत.

सहावा गट १३ ऑक्टोबरपासून. आता लावणी. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. टोमॅटोचे रोप पहिल्या पानांपर्यंत खोल गाडावे, खोडातून नवी मुळे फुटतात. वांगी-मिरचीला ते नको. पहिला आठवडा जुनी पांढरी चादर वरून ताणून सावली करावी. कोबी-फ्लॉवर नोव्हेंबरच्या सुरुवातीला, सॅलड-पालकाचे डबे त्याच सुमारास.

तुळशीचा अपवाद नव्हे, योगायोग म्हणावा. तिला ऊब आवडते, म्हणून ती टोमॅटोबरोबर सप्टेंबरच्या आरंभी पेरावी. बी मातीने झाकू नये, नुसते दाबावे. कार्तिकात तुळशीच्या लग्नापर्यंत वीत-दीड वीत रोप तयार होते आणि दुकानातली प्लास्टिकची तुळस आणावी लागत नाही.

किती दिवस राहायचंय?

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळते. आपल्यापैकी पुष्कळ जण दोन वर्षांच्या करारावर आले आणि वीस वर्षे राहिले. तरीही घरात काही रुजवायचे म्हटले की हात आखडतो. पडदे तात्पुरते, कपाटे तात्पुरती, तसे आयुष्यच तात्पुरते मानायची सवय होते. आंब्याचे झाड लावायचे तर हा संकोच समजण्यासारखा आहे. टोमॅटोला पेरणीपासून पहिल्या फळापर्यंत साडेतीन-चार महिने लागतात. दोन वर्षांच्या करारात दोन पूर्ण हंगाम बसतात. जुलै-ऑगस्टात आपण नसतो तेव्हा कुंडीत काही असायचेच नसते, त्यामुळे पाणी घालायला शेजाऱ्याला किल्ली द्यावी लागत नाही.

आणि मुलांचे काय? इथे वाढणाऱ्या आपल्या मुलांना भाजी सुपरमार्केटच्या गार कपाटातून येते एवढेच ठाऊक असते. आजोळी जातात ती भर पावसात किंवा सुट्टीच्या गडबडीत. बी, अंकुर, फूल, फळ हा क्रम एकसलग पाहायला त्यांना सवड मिळत नाही. दह्याच्या डब्यावर मुलाचे नाव आणि पेरणीची तारीख लिहून तो त्याच्या अभ्यासाच्या टेबलावर ठेवावा. आमच्या मजल्यावरची मुले असे डबे सांभाळतात आणि सकाळी शाळेच्या बसआधी, "मावशी, माझ्या वांग्याला चौथं पान आलं" अशी बातमी देऊन जातात. तेवढ्या बातमीसाठी तरी डबे धुवावेत.

शेवटी एक सूचना. पाकिटात पंचवीस-तीस बिया असतात आणि एका गॅलरीला चार टोमॅटो पुरे होतात. उरलेली रोपे फेकवत नाहीत. आपली कोजागिरी बहुतेक वर्षी लावणीच्याच सुमारास येते. दुधाच्या भांड्याशेजारी एक टेबल मांडून ज्याच्याकडे जे रोप जास्त असेल ते तिथे ठेवावे आणि हवे ते उचलावे, असे मी मंडळाला सुचवते. ज्यांची बदली झाली असेल त्यांनी आपले धुतलेले डबे, उरलेले बियाणे आणि तारखांची वही नव्याने आलेल्या एखाद्या कुटुंबाला द्यावी. यंदा सुट्टीहून परतल्यावर सामान उलगडताना स्वयंपाकघरातले रिकामे डबे एका पिशवीत वेगळे काढून ठेवावेत. एवढ्याने कामाला सुरुवात होते.